पर्वरीत सोसायटीच्या काचेवर आपटून नवरंग पक्षी मेला, काय करता येईल?

बीविंगवाला, पर्वरी
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. गोव्यात पर्वरीला राहतो, चार वर्षांपूर्वी नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, तीन विंग मिळून ४८ घरं. परवा सकाळी सव्वासहाला पाव आणायला खाली उतरलो (पोदेर हल्ली आमच्या गेटच्या आत येत नाही, तो वेगळाच विषय) तर बी विंगच्या जिन्याला तळापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत जी शोभेची काच लावलीय ना, तिच्या खाली फरशीवर एक पक्षी पडलेला. आधी वाटलं कोणा पोराचं खेळणं राहिलंय. पाठ हिरवी, पोट पिवळट मातकट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावरून काळा पट्टा आणि पंखावर निळ्याचा एक तुकडा, असला निळा मी आजवर फक्त साडीच्या काठावर बघितला होता. उचलला तर अंग अजून गरम होतं, मान मात्र लुळी. वर बघितलं तर काचेवर एक पुसट डाग आणि त्यात अडकलेलं बारीकसं पीस.

वॉचमनला विचारलं तर म्हणाला हा काही पहिला नाही साहेब. पावसाच्या सुरुवातीला एक छोटा होता, निळा-नारिंगी, चोच लांब, तो जिवंत होता पण मांजराने उचलला. मध्ये एक हिरव्या पंखांचं कबुतर. झाडू मारणारी बाई सातला येते आणि सगळं डब्यात जातं, त्यामुळे वर राहणाऱ्या आम्हा लोकांना पत्ताच नाही! चार वर्षं मी त्या जिन्यावरून रोज जातोय.

ग्रुपवर फोटो टाकला तर मोठी चर्चा झाली. एकाने सुचवलं बाजरीचे फीडर लावू, एकीने ॲमेझॉनवरून रंगीत लाकडी घरटी मागवायची लिंक टाकली (२० घरटी, गुलाबी आणि पिवळी), आणि सेक्रेटरी म्हणतात ते सगळं नंतर बघू, आधी मागच्या कंपाउंडमधला मेलेला माड पाडून टाकू, पावसात कोणाच्या गाडीवर पडायचा. पुढच्या रविवारी मीटिंग आहे, मला दहा मिनिटं दिलीत आणि पंधरा हजारांच्या आत काय ते सांगा म्हणालेत.

तर दोन प्रश्न. आमच्यापुरतं नेमकं काय करू? आणि एकूणच पणजी-पर्वरी-म्हापसा हा पट्टा ज्या वेगाने बांधला जातोय, त्यात पक्ष्यांना राहावंसं वाटेल असं शहर म्हणून काही करता येतं का, की हे आपलं उगाच मनाचं समाधान?


पाजेवरचा, रायबंदर
तुम्ही वर्णन केलंय तो नवरंगच, शंका नको. पावसाळ्यात मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याकडे वगैरे वीण करतो आणि ऑक्टोबरच्या सुमाराला दक्षिणेला उतरतो, काही थेट श्रीलंकेपर्यंत. प्रवास रात्रीचा. रात्रभर उडून दमलेला जीव पहाटे झाडी बघून खाली यायला बघतो आणि तुमच्या त्या जिन्यात रात्रभर लाइट चालू असणार. आहे ना? उजेडाकडे ओढला जातो, आणि उजाडल्यावर काच. छोटा निळा-नारिंगी म्हणजे बहुतेक तिबोटी खंड्या, तो पावसाबरोबर आपल्याकडे येतो. हिरव्या पंखांचं कबुतर म्हणजे पाचू कवडा, तो जमिनीपासून हातभर उंचीवरून झाडांमधून सुसाट जातो, त्यामुळे काचेला आपटण्यात त्याचा नंबर पहिला.

काच पक्ष्यांना कळतच नाही. एकतर तिच्यात समोरचं झाड आणि आकाश दिसतं, ते खरं वाटतं, नाहीतर ती आरपार असते आणि पलीकडची कुंडी दिसते, तिकडे जायला बघतात. ससाण्याच्या आकाराचा काळा स्टिकर मिळतो तो लावू नका, पैसे फुकट. पक्षी त्या स्टिकरला घाबरत नाही, फक्त तेवढी जागा टाळून फूटभर बाजूला आपटतो.

चालतं ते असं: काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा रेघा, आणि दोन खुणांच्या मधे दोन इंचांपेक्षा जास्त मोकळी जागा नको. बाहेरच्या हे महत्त्वाचं, आतून लावलं तर प्रतिबिंब तसंच राहतं आणि खुणा झाकल्या जातात. शिकागोला तलावाच्या काठी एक प्रचंड कन्व्हेन्शन सेंटर आहे, तिथे ऑक्टोबर २०२३ मध्ये एका रात्रीत हजारभर पक्षी आपटून मेले, सगळे स्थलांतर करणारे. पुढच्या वर्षी त्यांनी काचेवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणाऱ्यांचा आकडा साधारण ९५ टक्क्यांनी खाली आला. बिल्डिंग तीच, काच तीच, मधे फक्त ठिपके.

फिल्म तुमच्या पंधरा हजारांत बसणार नाही. पण वरच्या कडेपासून खालपर्यंत नुसत्या दोऱ्या सोडल्या, दर चार इंचांवर एक, म्हणजे ठिपक्यांपेक्षा विरळ, तरी काम होतं, परदेशात लोकांनी करून बघितलंय. आणि ज्यांच्या फ्लॅटच्या खिडक्यांना बाहेरून मच्छरदाणीची जाळी आहे त्यांनी काहीच करायला नको. डास आणि पक्षी दोघांचा बंदोबस्त एकाच जाळीत.


वैतागलेला
पक्षी पक्षी करता पण आमच्या डक्टमध्ये येऊन बघा एकदा. पारव्यांनी एसीच्या युनिटवर अर्धा फूट थर लावलाय, आईला दमा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय खिडकी उघडू नका. मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये काय राडा झाला ते वाचलं असेलच. शहर पक्ष्यांना "वेलकमिंग" करायचं म्हणजे अजून पारवे. आधी माणसांना तरी वेलकमिंग करा, पार्किंग नाही पर्वरीत.


पाजेवरचा, रायबंदर
@वैतागलेला, तुमचं बरोबर आहे आणि म्हणूनच बाजरीच्या फीडरला माझा ठाम विरोध आहे. बाजरी टाकली की पहिले येतात पारवे, मग कावळे, आणि सांडलेल्या दाण्यांवर रात्री उंदीर. उंदीर आले की सोसायटी विष घालते, ते खाऊन झिंगलेला उंदीर घुबड उचलतं आणि घुबड मरतं. दयाळ, शिंपी, बुलबुल, शिंजीर, यातला एकही बाजरी खात नाही. पारव्यांसाठी जाळी लावा, पण ताणून लावा, ढिली लावली की तिच्यात भलतेच पक्षी अडकून मरतात.

पार्किंगचं मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही.


मळ्यातला आजो
पुता, मी ७४ वर्षांचा, पणजीच्या मळा भागात जन्मलो, अजून तिथेच आहे. तुझं वाचून एक गोष्ट लक्षात आली जी मी आयुष्यभर बघत होतो पण कधी विचार केला नाही. आमच्या जुन्या घराला अजून चार खिडक्या शिंपल्यांच्या आहेत. पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवलेले, काच महाग होती तेव्हाची पद्धत. उजेड येतो, दुधाळ असा, पण आरपार दिसत नाही आणि बाहेरून बघितलं तर समोरच्या आंब्याचं प्रतिबिंबही पडत नाही. या खिडक्यांवर पक्षी आपटलेला मी जन्मात बघितला नाही. पाठीमागच्या बाजूला मुलाने पंधरा वर्षांपूर्वी स्लॅब घातला आणि सरकत्या काचा बसवल्या, तिथे दर वर्षी एक-दोन होतात. मी म्हणायचो पक्षी आंधळे झाले.

आता चिमण्यांचं सांगतो. मंगळुरी कौलं होती तेव्हा वाशाच्या आणि भिंतीच्या सांध्यात दर वर्षी चार-पाच घरटी. काड्या जेवणाच्या ताटात पडायच्या, आई चिडायची, पण मोडायची नाही. स्लॅबला सांधा नाही, मग चिमणी राहणार कुठे? म्हणून मी एक पेटी करून घेतली सुताराकडून. पहिल्याच वर्षी जोडी आली, मी सगळ्या गल्लीला सांगत फिरलो. पण शहाणपणा असा केला की पेटीचं तोंड पश्चिमेला, कारण तिथे खिळा आधीच होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस झोडपला, पेटीत पाणी शिरलं, आत तीन पिल्लं होती. मी आठवडाभर त्या भिंतीकडे बघितलं नाही.

दुसऱ्या वर्षी पूर्वेला लावली, वळचणीखाली, तळाला चार बारीक भोकं पाडली पाणी निथळायला. दाराचं भोक सव्वा इंचाचं, त्याहून मोठं केलंस तर साळुंकी घुसून चिमणीला हाकलते. आणि भोकाखाली ती बसायची काडी लावतात ना, ती नको, चिमणीला लागत नाही, कावळ्याला उभं राहायला सोय होते फक्त. ती गुलाबी पिवळी घरटी मागवू नको. वॉर्निशचा वास येतो त्यांना.


कुळागरातली, सावईवेरे
बीविंगदादा, मीटिंगमध्ये एकच गोष्ट पदरात पाडून घेता येणार असेल तर तो मेलेला माड वाचवा. खरंच सांगते. आमच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) असे तीन उभे आहेत, वीज पडून शेंडा गेलेले. पहिली दोन वर्षं काही नाही, मग खोड आतून मऊ झालं की सोनपाठी सुतार येतो. मी रोज सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचे तेव्हा त्याचं चालू असायचं, भुसा खाली केळीच्या पानावर पडायचा, पिवळट, ओलसर. त्याचं एक वर्ष राहून झालं की त्या भोकात दयाळ, दुसऱ्या माडात पोपट, तिसऱ्यात वरच्या खोबणीत पिंगळे. सुतार सोडला तर यातल्या कोणालाच स्वतःला भोक पाडता येत नाही, तयार ढोली लागते. आता शहरात जुनी झाडंच नाहीत तर ढोल्या कुठून येणार, म्हणून तर वीस घरटी विकत आणायची वेळ येते. तुमच्याकडे एक फुकट उभं आहे आणि तुम्ही ते पाडायला पैसे देणार!

सेक्रेटरींची भीती खोटी नाही, मेलेला माड पडतो. पण पडतो तो उंचीमुळे. पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) बोलवा आणि वरचा भाग उतरवून बारा-पंधरा फूट ठेवा, गाड्यांपासून त्याहून लांब असला की झालं.

दुसरं, तुमच्या कंपाउंडमध्ये काय लावलंय? मी न बघताच सांगते, फॉक्सटेल पाम, लॉन, आणि कडेला ती कापून चौकोनी केलेली हिरवी-पिवळी झुडपं. बरोबर? त्यात पक्ष्याला खायला जवळजवळ काही नाही. नवरंग जमिनीवर चालत पाचोळा उलटून किडे, गोगलगायी खातो. तुमच्याकडे पाचोळा पडायच्या आधी ब्लोअर फिरतो. म्हणजे तो वाचला असता तरी नाश्त्याला काही नव्हतंच. मागच्या भिंतीकडचा एक कोपरा, दहा बाय दहा सुद्धा पुरे, झाडायचाच नाही असं ठरवा. एक पाटी लावा, नाहीतर बाई बिचारी झाडणारच, तिला ओरडा बसतो.

झाडांत पिटकुळी (इक्झोरा) लावा, आपली साधी लाल, ती बुटकी हायब्रीड नको. जास्वंद साधी एकेरी. शिंजीर दोन्हीवर येतात. जागा मोठी असेल तर ओंवळ (बकुळ), जांभूळ, भिरंड (कोकम), आणि रस्त्याच्या कडेला नगरपालिका किंवा पंचायत ऐकत असेल तर उंबर, वड, पिंपळ. फळलेला वड म्हणजे तांबट, हरियल, बुलबुल, हळद्या, सगळ्यांची खाणावळ. आंब्यावरचं बांडगूळ सगळंच्या सगळं काढू नका, थोडं राहू दे, त्याची फळं खाणारी फुलटोची अंगठ्याएवढी असते, तिची बिचारीची मागणी एवढीच.


सिव्हिलवाला, मडगाव
बिल्डिंग बांधणाऱ्यांच्या बाजूने पण कोणीतरी बोला रे. काच आम्ही हौसेने लावत नाही. सॅम्पल फ्लॅट बघायला येणारी गिऱ्हाइकं पहिलं काय विचारतात तर "व्ह्यू आहे का" आणि "एंट्रन्स ग्रँड आहे का". चिऱ्याची जाळी दाखवली तर म्हणतात जुनाट दिसतं. मी एका प्रोजेक्टला जिन्याला काचेऐवजी चिऱ्याची जाळी सुचवली होती, हवा खेळती राहते, उन्हाने जिना तापत नाही, लाइट बिल कमी, पण मार्केटिंगवाल्यांनी हाणून पाडली. आता त्याच जिन्यात एसी बसवायचं चाललंय.

पण खरं तेही सांगतो, टोरांटोने २०१० पासून नव्या बिल्डिंगांना काचेवर खुणा लागतील असा नियम केला, न्यूयॉर्कने २०१९ मध्ये कायदा केला की नव्या बांधकामात खालच्या ७५ फुटांपर्यंतची काच पक्ष्यांना दिसेल अशी हवी. खालच्याच का, तर झाडं तेवढी उंच असतात, पक्षी तिथेच वावरतात. तिकडे बांधकाम काही बंद पडलं नाही. प्लॅनच्या वेळीच ठिपके भाजलेली काच मागवली तर वेगळा खर्च फार जाणवत नाही, नंतर फिल्म लावायला गेलं की जीव जातो. इंग्लंडमध्ये ब्रायटनला तर २०२० पासून नव्या इमारतींच्या भिंतीत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसवाव्या लागतात. चिऱ्यात असं भोक ठेवणं आपल्या गवंड्याला दहा मिनिटांचं काम आहे, कोणी सांगतच नाही त्याला.

बाल्कनीचं काचेचं रेलिंग, त्याबद्दल कोणी बोललं नाही. ते जास्त वाईट, दोन्हीकडून आरपार. पडदा नाही, जाळी नाही. तिथे बाहेरून ऑइल पेंटच्या मार्करने उभ्या रेघा मारल्या तरी चालेल, पावसात टिकतात, पेट्रोलने निघतात. माझ्याच घरी मारल्यात. बायको म्हणते तुरुंग वाटतो.


मांजरवाली
निळ्या-नारिंगी पक्ष्याला मांजराने उचललं हे वाचून सगळे आता मांजरांवर घसरणार म्हणून आधीच लिहिते, आमच्या कॉलनीतली सगळी मांजरं मी स्वतःच्या पैशाने ऑपरेशन करून आणलीत.


पाजेवरचा, रायबंदर
@मांजरवाली, ताई ऑपरेशन केलंत ते उत्तमच, पण पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, ती भूक नाही, सवय आहे. मागणी छोटी आहे, एप्रिल ते जुलै पिल्लं घरट्यातून उतरतात तेव्हा पहाटे आणि संध्याकाळी त्यांना आत ठेवता आलं तर ठेवा, आणि त्यांचं खाणं पाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवा. आणि जमिनीवर पिसं फुटलेलं, फडफडणारं पिल्लू दिसलं तर घरी नेऊ नका कोणी. ते हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं, आईबाप वरून बघत असतात. जवळच्या झुडपात ठेवून बाजूला व्हा. आमच्याकडे दर मे महिन्यात कोणीतरी शूबॉक्समध्ये दयाळाचं पिल्लू आणि दूध-पाव घेऊन येतं. दूध नका हो पाजू पक्ष्याला.


मांजरवाली
पहाटेचं जमेल. संध्याकाळचं नाही सांगू शकत, सहा नंतर ती माझं ऐकत नाहीत.


बार्देसचो
शहराचं विचारलंय त्यावर कोणीच नीट बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात गेल्या जुलैमध्ये रस्त्याकडेच्या एका मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या छाटल्या, तारांना लागतात म्हणून. त्यावर वंचकांची आणि बगळ्यांची वसाहत होती, पावसाळा हीच त्यांची वीण. मी ऑफिसला जाताना बघितलं तर रस्त्यावर निळसर हिरवी अंडी फुटलेली आणि डांबरावर तीन-चार पिल्लं, काटक्यांसारखे पाय, चोच उघडून बसलेली, आणि लोक स्कूटर बाजूने काढून जातायत. छाटणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला मला काय माहीत, मला झाडाचा नंबर दिला. त्याचंही खरंच आहे. वर फोन केले, दोन ठिकाणी, दोघांनी एकमेकांचा नंबर दिला.

म्हणजे बघा, तारांचं काम करायला कोणाची ना नाही, पण तेच फेब्रुवारीत केलं असतं तर त्या झाडावर एकही घरटं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी फोडणं, घरटं उचकटणं हे शिकारीतच धरलंय, आणि झाड तोडायला १९८४ चा आपला गोव्याचा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तर पंचायतीत, पालिकेत जाऊन मागायचं काय? नवीन उद्यान नको, पक्ष्यांचा सिमेंटचा पुतळा तर नकोच. छाटणीचं वेळापत्रक मागा. लेखी. आणि छाटणीच्या आदल्या दिवशी खाली उभं राहून पाच मिनिटं वर बघायला एक माणूस मागा.


पाजेवरचा, रायबंदर
बार्देसचो बरोबर बोलले. त्यात एक भर. पणजी म्हटलं की आपण कांपालची आणि आल्तिन्होची झाडं धरतो, पण पणजीचे निम्मे पक्षी झाडावरचे नाहीतच. मी रोज पाजेवरून, म्हणजे पणजी-रायबंदर रस्त्याच्या बांधावरून जातो, १७ व्या शतकात पोर्तुगिजांनी बांधलेली ती, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. ऑक्टोबर उजाडला की मिठागरांच्या वीतभर पाण्यात शेकाटे, तुतवार, कितीतरी पाहुणे उतरतात. समोर चोडणला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य, ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर. पक्ष्यांना अभयारण्याची हद्द कोणी दाखवलेली नाही, ओहोटीला ते तिकडच्या चिखलात आणि भरती आली की इकडे मिठागरात, बांधावर, खाजनात (बांध घातलेल्या खाऱ्या शेतात). मिठागर बंद पडलं, मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं मोडली आणि खारं पाणी आत येऊन बसलं की वीतभर पाण्याचं कमरेएवढं पाणी होतं, लांब पायांच्या पक्ष्यालाही उभं राहता येत नाही. मग तिथे भराव टाकला तर लोक म्हणतात पडीकच तर होतं. म्हणून माझ्या मते शहरात मीठ पिकवणाऱ्याला चार पैसे सुटतील असं बघणं हे सुद्धा पक्ष्यांचंच काम आहे. मीठ तिथलंच घ्या, जाडं असतं, लोणच्याला छान.

आणि रात्रीचे दिवे. नदीत कॅसिनो, काठावर फोकस, पुलांना रंगीत लाइट, त्यावर तुमचं माझं काही चालणार नाही. पण जिन्यातला लाइट तुमच्या हातात आहे. सेन्सर लावा, माणूस आला की पेटेल.


कुळागरातली, सावईवेरे
कोणीतरी मेसेज करून विचारलं की शहरात धनेश येईल का. हसू नका, सिंगापूरला आलाय. तिथे धनेश एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच संपला होता, मग १९९४ मध्ये बाजूच्या एका बेटावर जोडी दिसली, लोकांनी मोठ्या पेट्या करून झाडांवर लावल्या कारण त्याला मावेल एवढी ढोली असणारी झाडं उरली नव्हती, आणि आता तो तिथे लोकांच्या बाल्कनीच्या कठड्यावर येऊन बसतो. तो त्यांचा धनेश वेगळा, आपला मलबारी वेगळा, पण मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर महिनोन्महिने बाहेरून भरवतो ही तऱ्हा तीच. आमच्याकडे उंबर पिकला की येतात, पंखांचा आवाज आधी येतो, कोणी गोणपाट झटकल्यासारखा. पर्वरीला लगेच नाही येणार. आधी उंबर तर लावा.


बीविंगवाला, पर्वरी
मंडळी, मीटिंग झाली, सांगायला आलो.

पहिलं म्हणजे हो, जिन्यात रात्रभर लाइट चालूच असायचा. सेन्सर मंजूर, तेही पक्ष्यांसाठी नाही, बिल कमी होणार म्हणून. मी गप्प बसलो. फीडर रद्द, यात माझा काही हात नाही, ए विंगच्या एका गृहस्थांनी पारव्यांवर असं भाषण केलं की बाजरीचं नाव काढायची कोणाची हिंमत झाली नाही (वैतागलेला, तुम्हीच का ते?). गुलाबी घरट्यांवर मतदान झालं, दोन पेट्या करून घ्यायच्या ठरल्या, आजोंच्या मापाच्या, पूर्वेकडे तोंड. माडावर पाऊण तास वाद. शेवटी पाडेलीला विचारू म्हणाले, तो आला, हाताने खोड थोपटून बघितलं आणि म्हणाला पंधरा फूट ठेवलं तर मी वर चढून वरचं उतरवून देतो, सगळं पाडायला लावलंत तर जास्त पैसे. सेक्रेटरी लगेच तयार. वरचा तुकडा उतरवताना आत एक जुनी ढोली निघाली, तिच्यात पिसं आणि अंड्याचं टरफल. तो तुकडा आता तिथेच भिंतीला टेकवून ठेवलाय, न झाडायच्या कोपऱ्यात. पाटी मुलीने लिहिली, "इथे झाडू नये, पक्षी जेवतात".

दोऱ्या शनिवारी लावल्या. वर ॲल्युमिनियमची पट्टी, तिला चार इंचांवर भोकं, १४ फूट रुंद काचेला ४२ दोऱ्या. मी आणि वॉचमन, आणि बी विंगमधली दोन पोरं खालून ओरडायला. खर्च पट्टी, दोरी, शिडीचं भाडं धरून सव्वातीन हजार. एका काकूंनी विचारलं हे लग्नाचं डेकोरेशन कधी काढणार.

वॉचमनला एक वही दिलीय, सकाळी झाडायच्या आधी काचेखाली एक चक्कर मारून लिहायचं, मेलेला, जिवंत, काही नाही. नऊ दिवस झाले, नऊ वेळा "काही नाही". अजून ऑक्टोबर संपला नाही, त्यामुळे मी काही म्हणत नाही.

एक अडचण मात्र आहे. दोरी साधी नायलॉनची घेतली, वाऱ्याने एकमेकींत गुंततात, रोज सकाळी सोडवाव्या लागतात. खाली वजन बांधू की खालूनही पट्टी मारू?


सिव्हिलवाला, मडगाव
खाली पट्टी नको, पावसात पाणी साचून काचेला चिकटतील. प्रत्येक दोरीला खाली नट बांध, दहा एमएमचा, हार्डवेअरवाल्याकडे किलोवर मिळतात. आणि पुढच्या वेळी नायलॉन घेऊ नको, ती मासे धरायची काळी जाड दोरी मिळते बेतीला, ती घे, उन्हात कडक होत नाही.


मळ्यातला आजो
पेटी कधी लावतोस ते कळव. खिळा पूर्वेच्या भिंतीला आहे का आधी बघ.